जवारी आणि ओव्हरड्राइव्ह : तंतुवाद्यांच्या ध्वनिसंस्काराचा एक तौलनिक विचार

बीडहून मांजरसुंब्यामार्गे सोलापूरकडे जाणारा रस्ता बालाघाटच्या पठारावरील चौसाळा ह्या गावावरून पुढे येरमाळा व तुळजापूर ह्या दोन देवीस्थानांकडे जातो. त्यामुळे संबळ, झांज आणि तुणतुणे ह्या वाद्यांना चौसाळ्याच्या परिसरात जी ओळख आहे ती केवळ करमणुकीची नव्हे, यात्रेची आहे. ह्यांपैकी तुणतुणे हे वाद्य संगीताच्या अभ्यासकांनी फारसे गंभीरपणे घेतलेले नाही. 'आपलेच तुणतुणे वाजविणे' हा वाक्प्रचार त्याच्या एकसुरीपणाची थट्टा करतो, आणि अभ्यासकही त्या थट्टेपलीकडे क्वचितच गेले. वस्तुतः तुणतुण्याच्या स्वरात जी कडकडीत धार आहे तिचे स्वरूप समजावून घेऊ लागल्यास ज्या प्रश्नापाशी येऊन पोचावे लागते, तोच प्रश्न विजेच्या गिटारीला जोडल्या जाणाऱ्या 'ओव्हरड्राइव्ह' पेडलांची तुलना करतानाही पुढे येतो. तारेचा स्वर आहे तसाच श्रोत्यापर्यंत न नेता त्यात मुळात नसलेले स्वरांश मुद्दाम का मिसळावेत, आणि मिसळावयाचे तर किती व कोणते, हा तो प्रश्न होय.

ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणजे गिटार आणि ध्वनिवर्धक ह्यांच्यामध्ये ठेवावयाची, पायाने चालू-बंद करण्याची एक लहान पेटी. तारेपासून आलेला विद्युत्संकेत ती वाढविते, आणि एका मर्यादेपलीकडे गेलेली त्याची शिखरे दाबते किंवा छाटते. भौतिकशास्त्राच्या मराठी परिभाषेत ह्या क्रियेस 'विरूपण' म्हणतात. संगीतावरील लेखनात मात्र तिच्यासाठी 'विकृती' हा शब्द सर्रास वापरला जातो. पहिला शब्द वर्णन करतो, दुसरा निकाल देऊन टाकतो. असा निकाल देणाऱ्याने आपल्या तंबोऱ्याकडे एकदा नीट पाहिले असते तर बरे झाले असते.

प्रथम तुणतुण्याची रचना पाहू. एक पोकळ नळकांडे, त्याचे खालचे तोंड चामड्याने मढविलेले, बाजूला ठोकलेली काठी आणि तिच्या टोकाशी खुंटी. तार चामड्याच्या मध्यातून निघून नळकांड्याच्या पोकळीतून वर खुंटीपर्यंत जाते. सतार किंवा तंबोरा ह्यांत तार घोडीवरून तबलीला साधारण समांतर धावते. तुणतुण्यात ती चामड्याला जवळजवळ काटकोनात असते. तार छेडली असता ती एकदा एका बाजूस व एकदा दुसऱ्या बाजूस झुकते, आणि दोन्ही वेळा तिचा ताण वाढून चामडे वर ओढले जाते. म्हणजे तारेच्या एका आंदोलनात चामड्यास दोन हिसके बसतात. चामड्यातून मुख्यतः बाहेर पडतो तो तारेच्या मूळ स्वराचा दुप्पट, म्हणजे वरच्या सप्तकातला स्वर. हा स्वर चामड्याने केवळ मोठा केलेला नाही, तर वाद्याच्या रचनेने नव्याने निर्माण केलेला आहे. ज्या यंत्रणेत आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या आंदोलनांचे प्रमाण सरळ रेषेत राहत नाही, तिला अरेषीय म्हणतात. तुणतुणे ह्या अर्थाने अरेषीय आहे, आणि ओव्हरड्राइव्ह पेडलही तसेच आहे.

लोकवाद्यातील ही गोष्ट अजाणता घडली असे कोणी म्हणू शकेल. परंतु शास्त्रग्रंथांत ती जाणूनबुजून केल्याचा पुरावा आहे, आणि तो ह्याच मराठवाड्यात लिहिलेल्या ग्रंथात सापडतो. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. त्याच्या वाद्याध्यायात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. तीत घोडीवर बसविलेल्या पत्रिकेचा, म्हणजे धातूच्या पट्टीचा, आणि ती पट्टी व तार ह्यांमध्ये सारण्याच्या 'जीवा'चा उल्लेख येतो. ही जीवा म्हणजे वेळूची एक बारीक चोय. ती तारेखाली योग्य जागी बसली की तार पट्टीला पुनःपुन्हा स्पर्श करीत निनादते. आजच्या तंबोऱ्यात चोयीची जागा सुताच्या धाग्याने घेतली आहे. तत्त्व तेच आहे. ह्यावरून ओव्हरड्राइव्हचा शोध देवगिरीस लागला, असे अनुमान काढण्याचा मोह कोणास होईल तर तो आवरलेला बरा. अमेरिका-जपानमधील कारागिरांनी शार्ङ्गदेव वाचलेला नव्हता. सिद्ध होते ते एवढेच की, तारेच्या वाटेत एक हेतुपुरस्सर अडथळा ठेवून तिचा स्वर समृद्ध करावा, ही कल्पना येथील वाद्यविद्येत किमान आठशे वर्षे मान्य आहे आणि तिला कोणी विकृती म्हटलेले नाही.

ह्या विद्येचे अलीकडचे पीठ मिरज होय. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील कारागीर तेथे वाद्यनिर्मितीकडे वळले; फरीदसाहेब सतारमेकर ह्यांचे नाव त्या परंपरेच्या आरंभी घेतले जाते. पंढरपूरच्या आसमंतातील भोपळे, तुनाचे लाकूड, आणि शेवटी घोडीवरील जवारी, अशी ही निर्मिती आहे. पैकी जवारी हा सर्वांत नाजूक भाग. घोडीचा माथा सपाट नसून त्यास अत्यंत अल्प असा बाक दिलेला असतो. तार त्या बाकावर टेकत, सुटत, पुन्हा टेकत कंप पावते. बाक कानशीने किंचित कमीअधिक केला की स्वराचा सारा स्वभाव बदलतो. सतारीत ह्याचे दोन ढोबळ प्रकार मानतात : निनाद मोकळा सोडणारी खुली जवारी आणि तो आवरून धरणारी बंद जवारी. पंडित रविशंकरांची सतार पहिल्या प्रकाराची तर उस्ताद विलायत खाँ ह्यांची दुसऱ्या, हे श्रोत्यांच्या परिचयाचे आहे. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, ह्या वादात जवारी नसावी असे कोणीच म्हणत नाही. वाद आहे तो केवळ प्रमाणाचा.

जवारीचे शास्त्रीय महत्त्व चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात दाखवून दिले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या स्वरांशाचा निष्पंद येतो, तो स्वरांश ऐकू येऊ नये, असा यंग व हेल्महोल्ट्झ ह्यांच्या नावे प्रसिद्ध असलेला नियम आहे. तंबोरा व वीणा ह्यांत तो स्वरांश स्पष्ट ऐकू येतो, हे रामन ह्यांनी निदर्शनास आणले आणि त्याचे कारण घोडीच्या बाकात शोधले. तारेत नसलेली वस्तू घोडी निर्माण करते, हेच त्याचे तात्पर्य.

आता गिटारीकडे वळता येईल. विजेच्या गिटारीच्या बाबतीत हा संस्कार अपघाताने सुरू झाला. १९५१ मध्ये मेंफिस येथे ध्वनिमुद्रित झालेल्या 'रॉकेट ८८' ह्या गीतातील गिटारीचा खरखरीत स्वर नादुरुस्त ध्वनिवर्धकाचा होता. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्टी रॉबिन्स ह्यांच्या एका मुद्रिकेत नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणमंचाचा एक मार्ग बिघडला आणि तो बिघाडच लोकांना आवडला. तेथील अभियंते ग्लेन स्नॉडी ह्यांनी तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारे ट्रान्झिस्टरचे सर्किट तयार केले. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते 'माएस्ट्रो फझ-टोन' ह्या नावाने बाजारात आणले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या एका गीतात ते वाजल्यानंतर त्याचा खप झाला. फझ हा मात्र तंबोऱ्याच्या निनादाहून फार दूरचा ध्वनी होता. त्यात मूळ लहरीचा आकार जवळजवळ चौकोनी होऊन जाई, आणि तार हळुवार छेडली की जोराने, हा भेदच पुसला जाई.

वादकांना हवे होते ते निराळे. व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक त्याच्या ताकदीबाहेर रेटला असता स्वर एकदम न तुटता हळूहळू दबत जातो. हळुवार छेडलेली तार स्वच्छ राहते, जोराची छेड खरखरते. परंतु त्यासाठी ध्वनिवर्धक कानठळ्या बसतील इतका मोठा करावा लागे. लहान आवाजात तोच परिणाम साधणे, हे ओव्हरड्राइव्ह पेडलांचे मूळ प्रयोजन. जपानच्या रोलंड कंपनीच्या बॉस ह्या शाखेने १९७७ मध्ये 'ओडी-१' काढले, आणि त्यापाठोपाठ इबानेझच्या नावाने 'ट्यूब स्क्रीमर' म्हणजे 'टीएस-८०८' आले. दुसऱ्याची रचना निश्शिन ओन्पा ह्या कारखान्यातील सुसुमु तामुरा ह्यांची. ह्या दोन पेट्यांची तुलना जवारीच्या भाषेत करता येते, आणि ती तशी केल्याने जाहिरातींतील बरेच शब्दजाल गळून पडते.

दोन्हींत सिलिकॉनचे डायोड प्रवर्धकाच्या परतीच्या वाटेवर बसविलेले आहेत. लहर लहान असेपर्यंत डायोड निष्क्रिय असतात. ती साधारण ०.६ व्होल्टच्या आसपास वाढली की ते प्रवर्धन कमी करू लागतात. ह्या मांडणीत मूळ लहर नष्ट होत नाही, दबलेल्या लहरीत ती मिसळलेलीच राहते. भेद आहे तो सममितीचा. ओडी-१ मध्ये लहरीच्या एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस दोन डायोड आहेत, म्हणून एक बाजू आधी दबते. ट्यूब स्क्रीमरमध्ये दोन्ही बाजू सारख्या दबतात. गणिताने असे दिसते की, सममित दाबणीतून मूळ स्वराच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम स्वरांशच उत्पन्न होतात. असममित दाबणीत दुप्पट, चौपट हे समही येतात. भारतीय स्वरांत सांगावयाचे तर दुप्पट म्हणजे वरचा षड्ज, तिप्पट म्हणजे त्यावरील पंचम आणि पाचपट म्हणजे शुद्ध गंधार. म्हणजे ट्यूब स्क्रीमर पंचम व गंधार पुढे आणते. ओडी-१ त्यांच्या जोडीला षड्जही देते. तंबोऱ्याच्या खरजातून उमटणारा स्वयंभू गंधार ज्याने ऐकला आहे त्याला हा भेद शब्दांवाचून समजेल. व्हॉल्व्हमुळे सम स्वरांश येतात आणि म्हणून त्यांचा ध्वनी गोड, असे सरसकट विधान नेहमी केले जाते. ते अर्धेच खरे आहे. दोन व्हॉल्व्हच्या जोडीने चालणाऱ्या अंतिम टप्प्यात सम स्वरांश परस्परांना बऱ्याच अंशी छेदतात.

ट्यूब स्क्रीमरची दुसरी खूण अधिक महत्त्वाची आहे. तिच्यात ४.७ किलोओहमचा रोधक आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा संधारित्र अशा रीतीने जोडले आहेत की सुमारे ७२० हर्ट्झच्या खालच्या स्वरांना प्रवर्धन उत्तरोत्तर कमी मिळते. त्यावरच्या पट्टीत ते बटणानुसार सुमारे १२ पटींपासून ११८ पटींपर्यंत जाते. परिणामी खालचे स्वर फारसे दबत नाहीत आणि मधली पट्टी उठून दिसते. टेक्ससचे वादक स्टीव्ही रे वॉन ह्यांनी ह्याच गुणामुळे खर्जप्रधान फेंडर ध्वनिवर्धकापुढे ती पेटी ठेवून १९८० च्या दशकात आपला स्वर घडविला. बॉसने १९८१ मध्ये 'एसडी-१' काढून असममित दाबणीला स्वररंगाच्या बटणाची जोड दिली. येथपर्यंत कल्पनांची देवाणघेवाण सरळ दिसते.

ह्या दोन्हींच्या पलीकडे दुसरे कूळ आहे. एमएक्सआरचे 'डिस्टॉर्शन प्लस' आणि डीओडीचे '२५०' ह्यांत डायोड परतीच्या वाटेवर नसून प्रवर्धकाच्या पुढे, संकेत जमिनीकडे वळवीत बसलेले आहेत. त्यामुळे लहरीची शिखरे दाबली न जाता छाटली जातात. तरीही डीओडीने आपल्या पेटीस 'ओव्हरड्राइव्ह' असेच नाव दिले. अमेरिकेत बिल फिनेगन ह्यांनी १९९४ पासून हाताने बनविलेल्या 'क्लॉन सेंटॉर' मध्येही जर्मेनियमचे डायोड छाटणीचेच काम करतात; मात्र तीत न छाटलेला संकेत शेजारच्या वाटेने आणून मिसळला जातो आणि आतील व्होल्टताही वाढविली जाते. ह्यावरून 'ओव्हरड्राइव्ह' व 'डिस्टॉर्शन' ही नावे रचनेची नसून विक्रेत्यांची आहेत, हे ध्यानी येते. वर्गीकरण करावयाचेच तर दोन प्रश्नांनी करावे : बाक कोठे दिला आहे, आणि मूळ स्वर किती शिल्लक ठेवला आहे. खुली व बंद जवारी हा भेदही ह्याच दोन प्रश्नांवर उभा आहे.

दोन तारा एकत्र छेडल्यावर मात्र पेडल व तंबोरा ह्यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि हा भाग गिटारवादनाच्या इतिहासास कलाटणी देणारा ठरला. अरेषीय यंत्रणेत दोन स्वर शिरले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर निघतात. ११० हर्ट्झचा षड्ज आणि गिटारीच्या समविभागी पडद्यावरील १६४.८१ हर्ट्झचा पंचम घेतल्यास त्यांतून ५५.१९ आणि, दाबणी असममित असेल तर, ५४.८१ हर्ट्झचे स्वर उत्पन्न होतात. दोन्ही खालच्या षड्जाला, म्हणजे ५५ ला, अगदी लागून. त्यामुळे षड्ज-पंचमाची जोडी ओव्हरड्राइव्हमधून भरदार ऐकू येते. पंचमाऐवजी गंधार घेतला तर तो १३८.५९ हर्ट्झचा असतो. त्यातून निघणारा १६७.१८ चा स्वर खऱ्या पंचमाहून, म्हणजे १६५ हून, स्पष्टपणे चढा, आणि २८.५९ चा स्वर २७.५ हून अर्ध्या श्रुतीच्या नव्हे तर अर्ध्याहून अधिक अर्धस्वराच्या फरकाने चढा निघतो. सारे गढूळ होते. म्हणून रॉक संगीतात गंधार गाळून केवळ षड्ज-पंचम वाजविण्याची रीत पडली. तंबोरा नेमका षड्ज-पंचमातच का लावतात, ह्याचे उत्तर सामान्यतः रागशास्त्रात शोधले जाते. जवारीच्या दृष्टीनेही ते शोधावयास हवे. समविभागी गंधाराचा हा दोष महाराष्ट्रात नवा नाही. कृ. ब. देवल ह्यांनी १९१० च्या आपल्या श्रुतिविषयक ग्रंथात आणि पुढे क्लेमेंट्स ह्यांनी शुद्ध श्रुतींचा आग्रह धरला, श्रुतींची हार्मोनियमही करवून घेतली. हार्मोनियमच्या गंधारावरील त्यांचा आक्षेप अनेकांना कानाचा हट्ट वाटला. पेडलमधून तोच गंधार वाजविला असता तो आक्षेप कोणालाही पटावा.

महाराष्ट्रात विजेची गिटार रुजली ती मुंबईत : चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत, गोव्याच्या वादकांच्या हाती आणि १९७० व १९७१ च्या सिम्ला बीट स्पर्धांतील तरुण वाद्यवृंदांत. त्या स्पर्धांच्या ध्वनिमुद्रिकांवर फझचा स्वर ऐकू येतो. आयात परवान्यांच्या त्या काळात परदेशी पेटी मिळणे दुर्घट होते. १९९१ नंतर, आणि २००१ मध्ये संख्यात्मक आयातबंधने उठल्यावर अधिकच, ती सहज मिळू लागली. खेड्यापाड्यांत मात्र विजेचे तंतुवाद्य आले ते निराळ्या वाटेने. जपानमध्ये नागोया येथे मोरिता गोरो ह्यांनी १९१२ मध्ये तयार केलेले ताइशोगोतो हे कळांचे तंतुवाद्य भारतात बुलबुलतरंग झाले आणि महाराष्ट्रात 'बेंजो'. त्याला विद्युत्ग्राहक बसवून गणेशोत्सवाच्या व लग्नाच्या मिरवणुकीत ते मोठ्या कर्ण्यांतून वाजविले जाते. रवी जाधव ह्यांच्या २०१६ च्या 'बॅन्जो' ह्या हिंदी चित्रपटाचा विषय हाच. येथे छाटणी होते ती पेटीत नव्हे तर ताकदीबाहेर रेटलेल्या ध्वनिवर्धकात आणि कर्ण्यात, म्हणजे नेमकी १९५० च्या दशकातील अमेरिकन गिटारीप्रमाणे. तिला बटण नाही, प्रमाण नाही. तुळजापूरच्या रस्त्यावर आता तुणतुण्याशेजारी ऐकू येणारे ध्वनिवर्धकही ह्याच जातीचे; आणि सारे काही एकाच कर्ण्यातून जाते तेव्हा संबळ, गाणे व तार ह्यांच्या आंदोलनांची परस्परांत बेरीज-वजाबाकी होते. गर्दीत शब्द कळेनासे होतात त्याचे कारण आवाजाचा मोठेपणा एवढेच नाही.

विद्या पुढच्या पिढीकडे कशी जाते, ह्या दृष्टीनेही तुलना उद्बोधक आहे. फिनेगन ह्यांनी आपल्या पेटीतील सर्किट राळेत बुडवून झाकले होते. साधारण २००८ च्या सुमारास ते काम थांबेपर्यंत सुमारे ८,००० पेट्या तयार झाल्या. जुन्या पेटीची किंमत पुढे हजारो डॉलरांवर गेली. तरीही राळ खरवडून सर्किटाचा आराखडा लोकांनी काढलाच, आणि मग तिच्या नकला स्वस्तात निघाल्या. मिरजेतील कारागीर जवारी उघड्यावर, गिऱ्हाइकासमोर बसून काढतो. लपविण्यासारखे काही नसते. परंतु पाहणाऱ्याला ती काढता येत नाही, कारण कानशीचा प्रत्येक हात पुढच्या छेडीवर ठरतो. गुपित ठेवलेली विद्या पसरली आणि उघडी विद्या काही घरांतच राहिली, ह्याचे कारण एकीचा आराखडा कागदावर उतरतो व दुसरीचा उतरविण्याचा प्रयत्नच पुरेसा झालेला नाही, हे होय. हस्तिदंत व शिंग ह्यांच्या व्यापारावरील बंधनांमुळे घोडीचे द्रव्य बदलले. आबनूस व कृत्रिम पदार्थ आले. द्रव्य बदलले की बाकही बदलावा लागतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव सुरक्षित झाले. घोडीचा बाक त्यात मोजलेला नाही.

तो मोजणे आज अवघड नाही. एखाद्या घोडीचा माथा जवारी काढण्यापूर्वी, काढल्यानंतर आणि वर्षभराच्या वादनाने झिजल्यावर सूक्ष्ममापकाखाली पाहून त्याच वेळी तिच्या स्वरांशांची नोंद केली, तर ट्यूब स्क्रीमरविषयी जितके निश्चित बोलता येते तितकेच जवारीविषयीही बोलता येईल. तुणतुण्यासाठी काम आणखी सोपे आहे : तारेचे व चामड्याचे आंदोलन वेगवेगळे टिपून दुप्पट स्वराचे प्रमाण काढावयाचे, आणि चामड्याचा ताण, नळकांड्याचा व्यास व तारेची जाडी बदलली असता ते कसे बदलते हे पाहावयाचे. मिरजेच्या वाद्यांना निदान कारखाने आणि गिऱ्हाईक आहेत. चौसाळा-येरमाळा पट्ट्यातील तुणतुण्यांची नोंद अगोदर व्हावी. ती घडविणारे, दुरुस्त करणारे आणि वाजविणारे बहुधा एकच हात असतात.